तुमचा हिरो काही करतो, की त्याच्यासोबत नुसतं होत राहतं?

सोलापुरात आता शॉर्टफिल्म करणारी पोरंपोरी गल्लोगल्ली आहेत. फोनवर शूट, फोनवरच एडिट, कुणाच्या तरी काकांचा बंद पडलेला कारखाना लोकेशनला, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत घेतलेले दोनचार शॉट, आणि मग ती फिल्म एखाद्या महोत्सवाला पाठवायची. निकाल लागतो, नंबर येत नाही, आणि कधीकधी परीक्षकांची एक ओळ येते, 'विषय चांगला आहे पण मुख्य पात्र पॅसिव्ह वाटतं'. ही ओळ वाचून लई जणांचं डोकं फिरतं, कारण पॅसिव्ह म्हणजे काय ते कुणी नीट सांगत नाही, आणि आपल्याला वाटतं की अहो आमचा हिरो तर अख्खी वीस मिनिटं पडद्यावर आहे, रडतोय, मार खातोय, पावसात पळतोय, अजून किती ॲक्टिव्ह पाहिजे?

प्रश्न बरोबर आहे. आणि हा विषय फक्त लिहिणाऱ्यांचा पण नाही. पिक्चर बघताना इंटरव्हलच्या आधी अर्धा तास आपलं लक्ष का उडतं, सिरीयलमधली सून तीन वर्षं रडते तरी तिच्याबद्दल काहीच का वाटत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच असतं. म्हणून जरा सावकाश, पहिल्यापासून बघू.

ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह, एकदाच सांगतो

ॲक्टिव्ह मुख्य पात्र म्हणजे ज्याला काहीतरी हवंय, ते मिळवायला ते स्वतः काहीतरी ठरवतं, करतं, आणि त्या करण्यामुळं गोष्टीत पुढचं काहीतरी घडतं. पॅसिव्ह म्हणजे गोष्ट त्याच्याभोवती घडत राहते आणि ते पात्र आल्या प्रसंगाला फक्त तोंड देत राहतं. बास, एवढंच आहे. (मी हिरो म्हणेन तिथं बाई, म्हातारा, शाळेतलं पोर, कुणीही धरा.)

लूमवर ताणा चढवलेला बघितला असेल तर हे लगेच कळतं. हजारो उभे धागे, ताठ ओढलेले, पण नुसत्या ताण्याची चादर होत नाही, कापड विणलं जातं ते धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा, त्यातून जायला लागल्यावर. गोष्टीतली परिस्थिती हा ताणा, गरिबी, दुष्काळ, घरातलं भांडण, जात, आजारपण, हे सगळं तुम्ही कितीही छान ताणून बसवलं तरी त्याच्यातून आडवा जाणारा पात्राचा निर्णय नसेल तर बघणाऱ्याच्या हातात नुसते धागे येतात. बऱ्याच स्क्रिप्टमधे ताणा फार सुंदर असतो. लिहिणाऱ्यानं ते आयुष्य जवळून बघितलेलं असतं, बारकावे खरे असतात, भाषा खरी असते. आणि तरी फिल्म हलत नाही.

पद्माची गोष्ट, पहिला खर्डा

समजा आपण एक गोष्ट लिहितोय. पद्मा, विडी कामगार, घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा लूमवर, कारखाना बंद पडलाय. पोरगी हुशार, नर्सिंगला नंबर लागलाय, आठ दिवसांत फी भरायचीय. पद्मा रोज पानं कापते, विड्या वळते, दुसऱ्या दिवशी विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन देते. तिथला चेकर मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात, आणि छाट गेली की तेवढी मजुरी गेली.

आता पहिला खर्डा कसा होतो बघा. पद्मा विड्या वळतेय. नवरा येतो, सांगतो काम गेलं. पद्मा गप्प. ब्रँचला चेकर जास्तच छाट काढतो. पद्मा गप्प. पोरगी फीचा कागद दाखवते. पद्मा रात्री डोळे पुसते. शेजारीण म्हणते काय करणार गं, आपलं नशीबच असलं. सातव्या दिवशी पोरीचे जुने सर घरी येतात, पाकीट पुढं करतात. शेवटचा शॉट, पांढऱ्या ड्रेसमधली पोरगी, आणि पद्माच्या चेहऱ्यावर हसू.

यातली एकेक गोष्ट खरी आहे, अशी घरं आपण बघितलीत. पण पद्मानं या गोष्टीत काय केलं? काहीच नाही. तिच्या जागी दुसरी कुठलीही बाई बसवली तरी सगळे सीन तसेच्या तसे घडतील, नवऱ्याचं काम जाईलच, चेकर छाट काढेलच, सर येतीलच. ही चाचणी तुमच्या स्क्रिप्टला लावून बघा, मुख्य पात्र काढून दुसरं कुणी ठेवलं आणि काहीच बदललं नाही तर परीक्षकांची ती ओळ बरोबर होती. बघणाऱ्याला पहिली पाच मिनिटं पद्माची दया येते, पुढं ती दया थकते, कारण तिला काही काम नसतं. प्रेक्षक पात्राच्या मागं चालत जातो तो 'आता ही काय करेल' या प्रश्नामुळं, आणि इथं तो प्रश्न पडतच नाही.

तीच पद्मा, दुसऱ्यांदा

घर तेच, नवरा तोच, फी तीच, दिवस आठच. पद्मा चेकरकडं जाते, उचल मागते. तो नाही म्हणतो, वर सुनावतो की तुझी छाटच एवढी निघते, उचल कसली. म्हणून पद्मा दुसऱ्या दिवशी म्हणते, खराब आहेत ना, मग माझ्या विड्या मला परत द्या. तो देत नाही. खराब माल आहे तर देत का नाही? आता तिच्या डोक्यात किडा वळवळतो. म्हणून ती त्या रात्री शे-दीडशे विड्या वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधते, घरातल्या कुणाला सांगत नाही. सकाळी चेकर बरोबर त्यातल्याच बऱ्याच छाट म्हणून काढतो, आणि संध्याकाळी त्याच रंगाचा दोरा तिला चांगल्या मालाच्या कट्ट्यात दिसतो. ती बोलते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिचं पान-तंबाखू बंद. सोबतच्या बायका तिच्या बाजूनं येतील असं तिला वाटलेलं असतं, पण त्यांनाही पान बंद व्हायची भीती, त्या उलट तिलाच बोलतात, तुझ्यामुळं आमच्या पोटावर पाय.

आणि मग चेकर तिला बाजूला घेतो आणि बरोबर फी एवढी रक्कम पुढं करतो. गप्प बस, घेऊन जा.

इथं थांबतो, या सीनकडं परत यायचंय. पण फरक बघा. पद्मा अजूनही गरीब आहे, अडाणी आहे, कुणाच्या कानाखाली वाजवत नाही, लांब भाषण देत नाही. फक्त प्रत्येक सीन तिच्या आधीच्या एखाद्या वागण्यातून निघालाय. आणि ती आता बदलता येत नाही, कारण दोऱ्याचा रंग बदलायची कल्पना ही या बाईची आहे, दुसरी असती तर तिनं दुसरं काही केलं असतं किंवा केलंच नसतं. पात्र कसं आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, ते तिच्या करण्यातून दिसलं.

'आणि मग' की 'म्हणून'

स्क्रिप्ट तपासायची यापेक्षा सोपी पद्धत मला तरी माहीत नाही. एका कागदावर सगळे सीन एकेका ओळीत लिहा, आणि दोन ओळींच्या मधे कुठला शब्द बसतो ते बघा. पहिल्या खर्ड्यात सगळीकडं 'आणि मग' बसतं. काम गेलं, आणि मग छाट वाढली, आणि मग फीचा कागद आला, आणि मग सर आले. दुसऱ्यात 'म्हणून' आणि 'पण' बसतात. उचल मागितली पण मिळाली नाही, म्हणून विड्या परत मागितल्या, पण दिल्या नाहीत, म्हणून दोरा बदलला.

हे काही आजकालच्या वर्कशॉपवाल्यांनी काढलेलं नाही. सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीसमधे ॲरिस्टॉटलनं नाटकाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं की एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडणं वेगळं आणि दुसरीमुळं घडणं वेगळं, त्यात फार मोठा फरक आहे. नाटक हे माणसाच्या कृतीचं अनुकरण आहे असं त्याचं म्हणणं होतं, स्वभाव हा त्या कृतीच्या सोबत येतो. आपल्याकडं उलटं होतं, आपण आधी चार पानं स्वभाव लिहितो, हळवा आहे, कवी मनाचा आहे, आणि तो हळवा माणूस पूर्ण फिल्मभर खिडकीत उभा राहतो.

एक मात्र नीट बघा, 'म्हणून' बसलं तरी ते कुणामुळं बसलं. व्हिलनच्या वागण्यामुळंच सगळे 'म्हणून' येत असतील तर गोष्ट व्हिलनची झालीय. हे लई वेळा होतं. सावकार ठरवतो, सावकार चाल करतो, हिरो फक्त उत्तर देतो, आणि लोकांना शेवटी सावकारच लक्षात राहतो.

"पण आमचा हिरो तर सारखा पळतोय, भांडतोय"

हालचाल आणि कृती यात गल्लत होते. गुंड मागं लागलेत म्हणून पळणारा माणूस कितीही जोरात पळाला तरी पॅसिव्हच, कारण पळायचं गुंडांनी ठरवलं. उलट, साक्ष द्यायला उभा राहिलेला म्हातारा कोर्टात 'मला काही आठवत नाही' म्हणतो, खुर्चीतून हललाही नाही, पण त्यानं एवढी मोठी गोष्ट केली की पुढची सगळी फिल्म बदलली. बडबडीचं पण तसंच. एका मित्राच्या स्क्रिप्टमधे हिरो व्यवस्थेबद्दल दीड पान बोलायचा, ऐकायला जबरदस्त, पण बोलून झाल्यावर कुणाचं काहीच बदलायचं नाही. आपल्याकडं नुसतं बोलणाऱ्याला लोक विचारतात ना, ते सोड, तू काय करलालास बे? हिरोला हाच प्रश्न विचारायचा.

हवंय काय, ते बोट दाखवून सांगता आलं पाहिजे

पॅसिव्ह पात्राचं मूळ बऱ्याचदा इथं असतं की लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं त्याला हवंय काय. विचारलं तर उत्तर येतं, त्याला सन्मान हवाय, सुख हवंय, स्वातंत्र्य हवंय. असू दे की, सगळ्यांनाच हवंय. पण सन्मानाचा शॉट कसा घेणार? कॅमेऱ्याला दिसेल असं काहीतरी पाहिजे. आठ दिवसांत फी. गहाण पडलेलं मंगळसूत्र लग्नाच्या आधी सोडवायचंय. उतारा नावावर करून घ्यायचाय. मिळालं की नाही हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, मुदत असली तर अजून बरं, आणि ते कुणाकडनं तरी मिळवायचं असलं पाहिजे, कारण समोर कुणी नाही म्हणणारं असल्याशिवाय माणूस डोकं चालवत नाही.

मग आतलं दुखणं, सन्मान बिन्मान, ते कुठं जातं? ते जातच नाही. पद्माला फी हवीय हे वरचं, आणि आयुष्यात एकदा तरी आपल्या हातच्या कामाला कुणी खराब म्हणू नये हे आतलं. वरचं मिळवायला धावताना आतलं आपोआप उघडं पडतं. जिथं ही दोन्ही एकमेकांच्या विरोधात जातात तिथं तुमचा सगळ्यात चांगला सीन असतो.

"गरिबाच्या हातात असतंय काय? तो काय करणार?"

या आक्षेपावर मला जास्त बोलायचंय, कारण आपल्या भागातल्या गोष्टी लिहिताना हाच सगळ्यात जास्त येतो. शेतमजूर, विडी कामगार, ऊसतोड कामगार, सासरी अडकलेली पोरगी, यांच्याकडं सत्ताच नाही, तर त्यांना ॲक्टिव्ह दाखवणं खोटं नाही का?

महाभारतातली द्यूतसभा आठवा. द्रौपदीइतकं हतबल त्या क्षणी कोण होतं? नवऱ्यानं पणाला लावून हरलेली, केस धरून सभेत ओढत आणलेली, समोर सगळे मोठे लोक मान खाली घालून बसलेले. तिच्या हातात ना शस्त्र ना माणूस. आणि ती एक प्रश्न विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? स्वतःला आधी हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावूच कसा शकतो? भीष्मांना सरळ उत्तर देता येत नाही, अख्खी सभा अडकते. पुढं धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती पांडवांची सुटका मागून घेते, तिसरा वर देऊ केला तर नको म्हणते. म्हणजे त्या दिवशी त्या सभेत सगळ्यात कमी ताकद जिच्याकडं होती तिच्या कृतीनं गोष्ट वळली. ॲक्टिव्ह असायला ताकद लागत नाही, उरलेल्या इंचभर जागेत हे पात्र काय करतं ते शोधावं लागतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पाहिजे तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. जब्याच्या हातात काय आहे? जात ठरलेली, काम ठरलेलं, बाप ओरडतोय. तरी ते पोरगं पूर्ण पिक्चरभर काहीतरी करतंय, काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ फिरतंय कारण तिची राख शालूवर, म्हणजे त्याला आवडणाऱ्या पोरीवर टाकली की ती वश होईल असं त्याला वाटतंय, डुकरं धरायच्या वेळी शाळेतल्या पोरांपासून लपतंय. लपणं पण कृतीच आहे, कारण ते त्यानं ठरवलंय आणि त्याची किंमत बापापुढं मोजलीय. म्हणून शेवटी त्याचा दगड भिरकावला जातो तेव्हा तो आपल्याला लागतो. तो दगड नुसता हुकमी शेवट म्हणून आला असता तर काहीच वाटलं नसतं.

आणि साधी माणसं काही करत नाहीत असं सोलापूरकरानं तरी म्हणू नये. मे 1930 मधे गांधीजींना अटक झाल्यावर इथल्या गिरणी कामगारांनी संप केला, शहर असं पेटलं की इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला. पुढं 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी दिली. त्या संपातले हजारो लोक गिरणीत राबणारे होते, त्यांच्याकडं कुठली सत्ता होती?

मला मनापासून वाटतं की गरीब माणसाला सतत सोसणारा, वाट बघणारा, दुसऱ्याच्या पाकिटावर सुटणारा असा लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आपण सहानुभूतीनं लिहितो, पण त्या सहानुभूतीत त्याचं डोकं, त्याच्या युक्त्या, त्याचा हट्ट, त्याचं खोटं बोलणं पण, सगळं गळून जातं. एका पगारात पाच माणसं जगवणाऱ्या बाईएवढं रोज ठरवणारं कोण असतं? आज दूध की रिचार्ज, पाणी चार दिवसांनी आलं तर आधी काय भरायचं, कुणाची उधारी थांबवायची. ती दिवसभर निर्णयच घेत असते. आपल्याला ते दिसत नाहीत, म्हणून स्क्रिप्टमधे येत नाहीत.

"खऱ्या आयुष्यात माणसं निमूट सोसतातच की"

सोसतात. वर्षानुवर्षं. पण गोष्ट त्या सगळ्या वर्षांची नसते, ज्या आठवड्यात सोसणं थांबलं त्या आठवड्याची असते. पद्मा पंधरा वर्षं छाट सोसत आलीय, ते दोन शॉटमधे सांगून होतं, फिल्म सुरू होते ज्या दिवशी ती विड्या परत मागते तिथं. बऱ्याच पॅसिव्ह स्क्रिप्टचा घोळ फक्त हा असतो की गोष्ट फार लवकर सुरू केलीय, पहिली दहा पानं नुसती परिस्थिती. पटकथेचं साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट धरतात, तर पंधरा मिनिटांच्या फिल्ममधे दहा मिनिटं गेली की हो.

आणि कुणी म्हणेल काही मोठे दिग्दर्शक मुद्दाम असं पात्र घेतात जे काहीच करत नाही. घेतात, आणि त्यातल्या काही फिल्म अप्रतिम आहेत. पण तिथं ते न करणं हाच विषय असतो, आजूबाजूचे लोक त्याला करायला लावायचा प्रयत्न करत असतात आणि ते दर वेळी नाही म्हणतं. चुकून पॅसिव्ह राहिलेलं पात्र आणि मुद्दाम तसं ठेवलेलं, बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं.

गप्प, लाजाळू, भित्रं पात्र चालतं का

चालतं, उत्तम चालतं. भित्रा माणूस भीतीपोटी काय काय करतो याला अंत नाही. खोटं बोलतो, रस्ता बदलतो, चिठ्ठी लिहून फाडतो, दुसऱ्याच्या नावानं फोन करतो. नकार देणं ही पण कृती आहे, अर्जुनानं धनुष्य खाली ठेवलं तो निर्णयच होता की, आणि त्यातून पुढचं केवढं निघालं. फक्त त्या नकाराचा परिणाम दिसला पाहिजे. गप्प राहिल्यामुळं कुणाचं तरी नुकसान झालं, ते याला कळलं, आता पुढं काय?

योगायोग कुठं चालतो आणि कुठं नाही

हे पटकन सांगतो. योगायोगानं पात्र संकटात पडलं तर लोक मान्य करतात, योगायोगानं सुटलं तर चिडतात. गाडी नेमकी तेव्हाच बंद पडली, चालेल. नेमके तेव्हाच सर पाकीट घेऊन आले, नाही चालत. सर आणायचेच असतील तर पद्मानं त्यांना शोधून काढू दे, त्यांच्या दारात जाऊन मागू दे, आणि मागताना तिला काहीतरी गिळावं लागू दे.

कोटणीसांचं आयुष्य दोन पद्धतीनं

चरित्रावर लिहिणाऱ्यांना वाटतं की त्यांना हा प्रश्न नाही, घडलं तसं मांडायचं. तिथं तर जास्तच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, 1910 चा जन्म. 1938 मधे काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी गेले. व्ही. शांतारामांनी 1946 मधे त्यांच्यावर पिक्चर काढला.

आता हे असंच ओळीनं मांडलं तर 'आणि मग, आणि मग' होतं, गेले, राहिले, वारले. पण तेच आयुष्य निर्णयांच्या बाजूनं बघा. डॉक्टरकीचं शिक्षण झालेलं, समोर सरळ रस्ता, तरी परक्या युद्धात जायला नाव दिलं. तिकडं असताना वडील गेल्याची बातमी आली, परत येता आलं असतं, कुणी नाव ठेवलं नसतं, नाही आले. पथकातले काही जण भारतात परतले, हे थांबले. या तिन्ही ठिकाणी दुसरा रस्ता उघडा होता. पटकथा लिहायची तर मी सगळ्यात जास्त वेळ या तीन ठिकाणी घालवीन, जिथं माणूस उलट वागू शकला असता. ऑपरेशनचे, बॉम्बहल्ल्याचे सीन कितीही भारी झाले तरी त्यात सगळं बाहेरनं येतंय, आणि त्या बातमीच्या रात्री जे झालं असेल ते फक्त त्यांच्या आतनं येणार.

"ॲक्टिव्ह म्हणजे हिरो चांगलाच असला पाहिजे का? आणि जिंकलाच पाहिजे का?"

दोन्ही नाही. आता पद्माच्या त्या सीनकडं येऊ, चेकर पैसे पुढं करून उभा आहे. घेतले तर पोरगी नर्स होणार, बाकीच्या बायकांची छाट तशीच चालू राहणार, आणि पद्मा परत त्यांच्याच शेजारी बसून विड्या वळणार. नाही घेतले तर पोरीचा नंबर जाणार आणि ती पोरगी आईला विचारणार, तू घेतले का नाहीस.

तिनं पैसे घेतले तरी ती तितकीच ॲक्टिव्ह आहे. कदाचित ती जास्त चांगली फिल्म होईल, कारण आपण सगळेच घरी जाताना विचार करू की मी काय केलं असतं. आपण लिहिताना घाबरतो की आपल्या पात्राला लोक वाईट म्हणतील, म्हणून त्याला काही करूच देत नाही, सगळी घाण कामं व्हिलनकडं आणि हिरो स्वच्छ. असा स्वच्छ हिरो हमखास पॅसिव्ह होतो. हरलेला हिरो चालतो, चुकीचं वागलेला चालतो, प्रयत्न न केलेला नाही चालत.

फक्त तो शेवटचा निर्णय तिनंच घेतला पाहिजे, आणि कॅमेऱ्यासमोर घेतला पाहिजे. कटनंतर थेट पोरगी पांढऱ्या ड्रेसमधे दाखवली तर तुम्ही अख्ख्या फिल्मचा मुख्य सीन खाल्ला.

मग सगळी स्क्रिप्ट फाडायची का

गरज पडत नाही. सीनची ती ओळींची यादी काढा, जिथं 'आणि मग' बसतंय तिथं पेन्सिलनं खूण करा. मग त्या प्रत्येक खुणेच्या आधीच्या सीनमधे जा, नंतरच्या नाही, आणि बघा की मुख्य पात्र तिथं काय मागू शकलं असतं, काय लपवू शकलं असतं, कुणाला नाही म्हणू शकलं असतं. सगळ्या खुणा मिटवायच्या नाहीत, एखाददुसरा धक्का बाहेरून यायलाच पाहिजे. मदत करणारी पात्रं मोजा, मित्र, सर, पुढारी, चांगला पोलिस, आणि त्यांनी केलेली कामं एकेक करून मुख्य पात्राच्या हातात द्या, जमत असेल तिथं. बजेट वाढत नाही, उलट दोन नट कमी होतात. आणि सगळ्यात शेवटी पहिलं पान उघडून बघा की पात्राला जे हवंय ते किती मिनिटांनी कळतंय, छोट्या फिल्ममधे ते दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापर्यंत कळलं नाही तर आधीचे सीन तिथून पुढं सरकवा किंवा सरळ उडवा.